उशिराचा प्रस्ताव नाकारला: दाद जीएओकडे मागावी की कोर्टात?

अमेरिकी केंद्र सरकारच्या कंत्राटासाठी पाठवलेला प्रस्ताव 'उशिरा आला' म्हणून बाद झाला, तर दाद मागायला मुख्यतः दोन ठिकाणं आहेत: गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, म्हणजे जीएओ (अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था), आणि कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स (केंद्र सरकारविरुद्धचे दावे ऐकणारं कोर्ट). बरेच जण खर्च बघून ठरवतात. माझ्या मते आधी उशीर नेमका कुठे झाला ते बघावं.

खर्चात आणि वेळेत जीएओ उजवं. वकील लागतोच असं नाही, निकाल 100 दिवसांत येतो, आणि तक्रार वेळेत गेली तर पुढची प्रक्रिया बहुधा आपोआप थांबते. कोर्टात कंपनीला वकिलाशिवाय उभं राहता येत नाही, स्थगितीही मागून मिळवावी लागते. पण जीएओचा निकाल ही शिफारस असते. कोर्टाचा आदेश कंत्राट देणाऱ्या सरकारी खात्याला पाळावाच लागतो.

खरी फारकत होते ती ईमेलवर. समजा मुदत गुरुवारी दुपारी 2 ची आहे. ईमेल 1:50 ला सरकारच्या पहिल्या सर्व्हरवर पोचला, तिथे अडकला आणि अधिकाऱ्याच्या इनबॉक्समध्ये 2:20 ला उतरला. सरकारी खरेदीच्या 'फार' (फेडरल ॲक्विझिशन रेग्युलेशन) या नियमावलीतल्या 52.215-1 या रुळलेल्या कलमात अशा वेळी कामाला येतील असे दोन अपवाद आहेत. पहिला: इलेक्ट्रॉनिक प्रस्ताव आदल्या कामाच्या दिवशी सायंकाळी 5 पर्यंत सरकारी यंत्रणेच्या प्रवेशबिंदूवर पोचलेला असावा. दुसरा: मुदतीआधी तो सरकारच्या ताब्यात आल्याचा पुरावा असावा. (एकच प्रस्ताव आला असेल तर तिसरा अपवाद आहे, पण तो क्वचितच उपयोगी पडतो.) शिवाय कंत्राट अजून दिलेलं नसावं आणि खरेदी विनाकारण रखडू नये.

जीएओच्या मते ईमेलला पहिलाच अपवाद लागू होतो. बुधवारी 5 पर्यंत पोचला नाही, विषय संपला. 2013 च्या इनसाइट सिस्टम्स खटल्यात प्रस्ताव असेच खात्याच्या सर्व्हरवर अडकले होते. तिथे कोर्टाने दुसरा अपवादही लागू केला. मला हेच न्याय्य वाटतं. सरकारचा सर्व्हर बिघडला, त्याची शिक्षा वेळेत पाठवणाऱ्याला का? मात्र या कोर्टातल्या एका न्यायाधीशाचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, त्यामुळे यश गृहीत धरू नका.

अडचण तुमच्याकडची असेल, म्हणजे नेट संथ होतं किंवा पत्ता चुकला, तर दोन्हीकडे पदरी निराशाच येईल. तिथे पैसे घालू नका.

जीएओकडे हरल्यावर कोर्टात जाता येतं. प्रकरण कोर्टात गेलं की जीएओ त्याला हात लावत नाही. जीएओची मुदत कारण कळल्यापासून 10 दिवसांची आहे, तेवढ्यात सर्व्हरचे लॉग (नोंदी) आणि ईमेलचे हेडर (तो कुठल्या सर्व्हरवर कधी पोचला ते दाखवणारी माहिती) हाताशी हवेत. 2025 पासून 'फार'ची फेरमांडणी सुरू आहे, म्हणून तुमच्या निविदेत छापलेलं कलम शब्दन् शब्द वाचूनच वकिलाला फोन करा.