जर्मन आणि नवाहो: एकाच ॲपवरचे दोन अभ्यासक्रम

गेले पाच महिने मी एका लोकप्रिय भाषाशिक्षण ॲपवर जर्मन आणि नवाहो (अमेरिकेतील नवाहो या मूळ रहिवासी समाजाची भाषा) हे दोन अभ्यासक्रम बरोबरीने करीत आहे. सकाळी वीस मिनिटे जर्मन आणि रात्री तेवढाच वेळ नवाहो, हा क्रम मी सहसा मोडला नाही. ॲप तेच, वर्गणी तीच, धड्यांची मांडणीही तीच. तरीही जर्मनमध्ये मी साधे संभाषण करू लागलो आहे आणि नवाहोत मात्र अभिवादन आणि नामांची यादी यांच्यापुढे माझी मजल गेलेली नाही. सुरुवातीला याचे कारण मी नवाहोच्या अवघडपणात शोधत होतो. आज माझे मत असे आहे की दोष बव्हंशी शिकवण्याच्या साच्यात आहे, कारण तो जर्मनसारख्या भाषेच्या मापाने बेतलेला आहे.

जेवणाच्या टेबलावरचा धडा घ्या. पडद्यावर चमच्याचे, काट्याचे आणि सुरीचे चित्र येते आणि त्याखाली डेअर ल्योफेल, दी गाबेल, दास मेसर असे शब्द निवडायचे असतात. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी आहे, आणि ‘मला चमचा दे’ एवढे म्हणायलाही चमच्याचे लिंग ठाऊक असावे लागते, कारण तिथे ‘डेअर’चे ‘डेन’ होते. अशा गोष्टी घोकूनच बसतात आणि घोकून घेण्याचे काम हे ॲप उत्तम करते. उच्चार स्पष्ट आहेत, चूक झाली की तेच वाक्य थोड्या वेळाने पुन्हा समोर येते, आणि पूर्वपद तुटून वेगळे होणारी क्रियापदेसुद्धा चांगल्या क्रमाने शिकवली आहेत.

माझी तक्रार एवढीच की सारे स्पष्टीकरण इंग्रजीतून, इंग्रजी भाषकाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले आहे. तीन लिंगे ही तिथे मोठी अडचण म्हणून समजावली जातात. मराठी माणूस मात्र तो दगड, ती भिंत, ते झाड असे बोलतच लहानाचा मोठा होतो. ‘मिर इस्ट काल्ट’ या वाक्यातला ‘मिर’ म्हणजे आपला ‘मला’. ‘मला थंडी वाजते’ म्हणणाऱ्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हेही आपल्या कानाला ओळखीचेच आहे.

आता तोच टेबलाचा धडा नवाहोत पाहा. नवाहोत नामाला लिंग नाही. तिथे ‘दे’ हे क्रियापदच वस्तूच्या आकारानुसार आणि घडणीनुसार बदलते. पेन्सिलीसारखी लांब ताठ वस्तू, घोंगडीसारखी पसरट लवचीक वस्तू, उघड्या भांड्यातला चहा, पिंजलेल्या लोकरीचा पुंजका, यांतील प्रत्येकासाठी वेगळा धातू लागतो. असे सुमारे अकरा धातू व्याकरणकार मोजतात. ॲप मात्र चित्र दाखवून नाम विचारते आणि क्रियापदाचे एकच रूप तयार वाक्यात बसवून देते. घोंगडीच्या वाक्यातले क्रियापद मी चहासाठी वापरले तेव्हा उत्तर चुकीचे ठरले, पण का चुकले याबद्दल एक ओळही आली नाही. वास्तविक हे मराठी माणसाला दोन मिनिटांत समजावता येते: आपण साडी नेसतो, शाल पांघरतो, सदरा घालतो आणि फेटा बांधतो, आणि यांची अदलाबदल केली की ऐकणाऱ्याच्या कानाला खटकते.

दुसरी उणीव माझ्या मते याहून गंभीर आहे. नवाहोत स्वरांचा चढ-उतार अर्थ बदलतो. औषध आणि तोंड या दोन शब्दांत अक्षरे तीच आहेत, फरक फक्त स्वर खाली ठेवण्याचा की वर नेण्याचा. लिहिताना तो वर एका रेघेने दाखवतात. माझ्या धड्यांत ही रेघ गाळली तरी उत्तर बरोबर धरले जात होते आणि कितीतरी वाक्यांना ध्वनिमुद्रण नव्हते. जिथे ते आहे तिथे मात्र ते मन लावून ऐकण्यासारखे आहे. रोमन लिपीत ‘टी’ आणि ‘डी’ लिहिलेल्या ध्वनींतला भेद तिथे महाप्राण आणि अल्पप्राण असा आहे, म्हणजे आपल्या थ आणि त यांच्या जवळचा; त्याशिवाय कंठ रोखून फोडलेला तिसरा ध्वनी आहे, तो मात्र कानाने मुद्दाम शिकावा लागतो.

नात्यांचा धडा मला सर्वांत आवडला. नवाहोत आई कोणाची हे शब्दातच सांगावे लागते. ‘शिमा’ म्हणजे माझी आई, ‘बिमा’ म्हणजे त्याची किंवा तिची आई. मावशीला ‘शिमा याझी’ म्हणतात, म्हणजे माझी धाकटी आई. माय मरो पण मावशी जगो, असे म्हणणाऱ्या आपल्याला ते सांगावे लागत नाही. जर्मनमध्ये मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्यांना मिळून ‘टांटे’ हा एकच शब्द आहे.

जर्मनचा विद्यार्थी ॲपवर अवलंबून नसतो. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, घरोघरी शिकवण्या आहेत. नवाहोसाठी इथे शिक्षक मिळणे जवळजवळ अशक्य. ती भाषा मुख्यतः ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत दीड लाखाहून अधिक लोक बोलतात, आणि निवासी शाळांत ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. त्याच भाषेच्या आधारे 1942 साली 29 नवाहो तरुणांनी अमेरिकी मरीन दलासाठी सांकेतिक भाषा रचली. तिच्यात जर्मनीला लोखंडी टोपीवाले अशा अर्थाचा शब्द होता. अशा भाषेचा अभ्यासक्रम चालू ठेवल्याबद्दल मी ॲपचा ऋणी आहे आणि म्हणूनच तो अर्धवट राहू नये असे मला कळकळीने वाटते.

जर्मनसाठी हे ॲप शिक्षकाच्या जोडीला जरूर घ्यावे. नवाहोसाठी घेणाऱ्यांनी ध्वनिमुद्रण असलेले धडे आधी करावेत, रेघा न चुकता लिहाव्यात आणि प्रत्येक क्रियापद कोणत्या वस्तूबरोबर आले याची वेगळी वही ठेवावी. माझ्या वहीची आतापर्यंत 14 पाने भरली आहेत. पेन्सिल, घोंगडी, चहा आणि लोकर या चारच वस्तूंचा, ‘दे’ची चारही रूपे शेजारी मांडणारा एक धडा तयार करावा, अशी विनंती मी ॲपच्या अभिप्राय-पेटीत लिहून पाठवली आहे.