डिझेल की हायब्रिड? एकाच पांदणीवरच्या दोन गाड्या

छोटी एसयूव्ही घ्यायची म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न अजूनही 'डिझेलच ना?' हाच येतो. ट्रॅक्टर डिझेलचा, जुनी जीप डिझेलची, मग कारनेच काय घोडं मारलं! माझ्याकडे स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर, आणि हळू चालताना नुसत्या मोटरवरही चालणारी. भिंतीपलीकडे चुलतभावाकडे चार मीटरच्या आतली बीएस-६ (धुराचा नवा सरकारी नियम) डिझेल, मॅन्युअल गिअरची. दोन्ही गाड्या एकाच पांदणीने वावरात जातात, राळेगावच्या बाजाराला जातात, आणि अडीनडीला आम्ही एकमेकांच्या चाव्या बिनदिक्कत उचलतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दोन्हींच्या स्टिअरिंगवर बसून लिहितोय. मोजमाप कुठलंही शास्त्रशुद्ध नाही. पंपाची पावती आणि मीटर, एवढंच.

आमची हायब्रिड म्हणजे मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर यांपैकी एक. कोणती, याने फरक पडत नाही. २०२२ साली दोन्ही बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या आणि इंजिन, मोटर, बॅटरी सगळं एकच. चुलतभावाच्या गाडीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे गाऱ्हाणं सांगणार आहे ते एका कंपनीचं नाही, आजच्या डिझेलचंच आहे.

आधी मायलेज उरकून टाकतो, कारण चौकात विचारतात ते हेच. कागदावर हायब्रिडला लिटरला २७.९७ किलोमीटर लिहिलंय. आमच्याकडे गाव-तालुका-वावर या फिरण्यात बावीस-तेवीस मिळतो, पावसाळ्यात कधी थोडा जास्त. वर्ध्याहून समृद्धीला लागलो आणि काटा ११०-१२० वर ठेवला की सतरा-अठरावर येतो. डिझेलचं बरोबर उलटं. गावात सतरा-अठरा, हायवेला वीस सहज. पेट्रोल शंभरीच्या पुढे आणि डिझेल नव्वदीच्या घरात धरलं, तर गावातल्या फिरण्याला दोन्हींचा खर्च किलोमीटरला पाच रुपयांच्या आसपासच येतो. हायवेला डिझेल सरळ सरळ स्वस्त पडतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून हायब्रिडचा आकडा किंचित घसरल्यासारखा वाटतो. इथेनॉलमध्ये ताकदच कमी असते, तेव्हा ते ओघानेच आलं.

म्हणजे नुसत्या मायलेजवर निर्णय होत नाही. माझा झाला तो एका पिवळ्या दिव्यावर.

डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची काजळीची गाळणी असते. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून नव्या डिझेल कारला ती चुकत नाही. गाळणीत साठलेली काजळी जाळायची तर धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. हायवेला सलग चालणाऱ्या गाडीत हे काम चालता चालता होऊन जातं, मालकाला पत्ताही लागत नाही. पण चुलतभावाचं फिरणं पाहा. घरून वावरात, वावरातून कृषी केंद्रात, तिथून शाळेत पोरांना घ्यायला, मग बाजार समिती. प्रत्येक फेरा चार-सहा किलोमीटरचा, बराचसा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. गाडी तापते न तापते तोच बंद होते. काजळी जळायला सुरुवात झालीच तर अर्ध्यावर चावी फिरते. असं चार-दोन वेळा झालं की मीटरवर पिवळा दिवा लागतो.

मग पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पंधरा-वीस मिनिटं साठच्या वर सलग चालवायची. पांदणीवर साठ? राळेगावच्या रस्त्यावर ढोरं, बैलबंड्या, शाळेची पोरं, त्यातही नाही. म्हणून वडकीला जायचं, तिथे ४४ नंबरचा नॅशनल हायवे पकडायचा, पांढरकवड्याच्या दिशेने निघायचं आणि दिवा विझला की परत फिरायचं. तिकडे काम काहीच नाही. भाऊ मला हाक मारतो, "चाल बे, काजळी जाळून येऊ." आधी मजा वाटायची, रस्त्यात चहा व्हायचा. चहाची हौस फिटल्यावर त्याने दिव्याकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली.

त्याचा परिणाम नेमका पेरणीच्या तोंडावर आला. मृगाचा पाऊस होऊन गेलेला, वाफसा आलेला, मजूर ठरलेले, आणि बियाण्याच्या थैल्या गाडीत घालून निघाला तर गाडी ओढच घेईना. एक्सलेटर पूर्ण दाबला तरी बैलगाडीच्या चालीने. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून गाडी स्वतःच ताकद कमी करून घेते, हे नंतर कळलं. जिल्ह्याच्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉप जोडून काजळी जाळून दिली. बिल फार नव्हतं. पण वाफसा आलेला असताना शेतकरी वर्कशॉपच्या बाकड्यावर बसून टीव्ही बघतोय, याची किंमत बिलात येत नाही. वर मेकॅनिकने डिपस्टिक काढून दाखवली. ऑइल कमी नाही, खुणेच्या वर गेलेलं. काजळी जाळायला जे जास्तीचं डिझेल मारलं जातं, त्यातलं थोडं खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. म्हणजे ऑइलही वेळेआधी बदला.

गाडीत दोष नव्हता, आणि दिव्याकडे केलेलं दुर्लक्ष सोडलं तर चालवण्यातही नव्हता. ज्या फिरण्यासाठी ही गाळणी बनली, ते फिरणं आमचं नाही, एवढीच गोष्ट. मी तेव्हा गाडी बघतच होतो. त्या दिवसानंतर डिझेलचे माहितीपत्रक उघडायची इच्छा राहिली नाही.

हायब्रिडला हेच तुकड्या-तुकड्याचं फिरणं मानवतं. हळू चाललं की मोटरवर चालते, ब्रेक लावला की बॅटरीत परत भरते. डिसेंबरच्या सकाळी पहिला किलोमीटर-दोन किलोमीटर इंजिन चालूच राहतं, नंतर गप्प. गल्लीतून मोटरवर आली तर कोंबड्या आणि कुत्री हलत नाहीत. त्यांना आवाजाची सवय. शेजारचे काका तर गाडी अंगणात उभी करून मी आत बसलेलो असलो की अजूनही काचेवर टकटक करतात, "भाऊ, बंद पडली वाट्टे गाडी?"

आणि उन्हाळा. पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश म्हणजे काय, हे चंद्रपूर-यवतमाळकडच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात तहसीलसमोर आईला घेऊन थांबायचं असतं, दवाखान्यात नंबर लागायचा असतो, लग्नात मांडवाबाहेर म्हाताऱ्यांना दोन घटका टेकवायचं असतं. डिझेलमध्ये एसी पाहिजे तर इंजिन घरघरत ठेवावं लागतं. स्ट्राँग हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद आणि गार हवा चालू. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप उठतं, थोडं भरतं, पुन्हा झोपतं. त्या उन्हात झोपेपेक्षा जागरणच जास्त होतं हे खरं, तरी सुख आहेच. एक पथ्य मात्र पाळा. बॅटरी हवेवर थंड होते आणि ती हवा ओढायच्या जाळीवर कापसाचा फुफाटा बसू देऊ नका. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत गाडीच्या कोपऱ्याकोपऱ्यात कापूस निघतो.

आता हायब्रिडची बाजू जिथे लंगडी पडते तिकडे येतो.

डिकी. बॅटरी मागे फळीखाली, त्यामुळे याच गाडीच्या मायल्ड हायब्रिडपेक्षा (तिच्यात मोटर नुसती मदतीला) जागा साधारण शंभर लिटरने कमी आणि फळी उंच. पन्नास किलोची डीएपी खताची गोणी घालायची तर आधी उंच उचला, मग आडवी सरकवा. दोन गोण्या झाल्या की फवारणीचा पंप मागच्या सीटवर, आणि बायकोचा पारा त्याच्याही वर. चुलतभाऊ चार गोण्या टाकून शिट्टी वाजवत जातो. माल वाहायचा हे तुमचं रोजचं काम असेल तर हायब्रिड घेऊच नका, असं मी तोंडावर सांगतो.

दुसरं म्हणजे उंदीर. सोयाबीन घरात आलं की उंदीर येतात आणि रात्री गरम बोनेटखाली जातात. डिझेलची वायर कुरतडली तेव्हा तालुक्याच्या इलेक्ट्रिशियनने संध्याकाळपर्यंत जोडून दिली. हायब्रिडमध्ये नारिंगी आवरणाच्या केबल आहेत, हाय व्होल्टेजच्या. त्यांना आमचा इलेक्ट्रिशियन हात लावत नाही, आणि लावूही नये. माझ्या गाडीची साधी सेन्सरची वायर कुरतडली होती, नारिंगीला धक्का नव्हता. तरी 'हायब्रिड' शब्द ऐकताच तालुक्यात कोणी बोनेट उघडायला तयार नाही. जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरला नेली, तर तिथला शिकलेला मेकॅनिक त्या दिवशी सुट्टीवर. दुसऱ्या दिवशी परत हेलपाटा. म्हणजे हेलपाटे मलाही चुकले नाहीत. फरक इतकाच की माझा उंदरामुळे झाला, आणि उंदरावर तंबाखूची पूड, जाळी असे उपाय निघतात. गाळणीवर उपाय म्हणजे पुन्हा वडकी.

चिखलात दोन्ही सारख्याच लाचार. काळी माती एकदा चाकाला लिंपली की गुळगुळीत होतं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये चारही चाकांची ओढ मिळत नाही, ती मायल्डच्या ऑलग्रिप नावाच्या प्रकारातच. डिझेलचा जोर खालच्या वेगात जास्त, त्यामुळे ती थोडी आधी निघते, किंवा थोडी खोल रुतते. शेवटी दोन्हीला ट्रॅक्टरच लागतो. रपट्यावरून पाणी वाहत असलं तर मी हायब्रिड घालत नाही. खरं तर डिझेलही घालू नये, पण लोक घालतात.

चिखलदऱ्याचा घाट चढताना हायब्रिडचं तीन सिलिंडरचं इंजिन ओरडतं. गिअर बदलल्याचा ठेका नाही, एकाच सुरात रडगाणं. गाडी चढते व्यवस्थित, कानाला मात्र त्रास. उतरताना गिअरचा दांडा 'बी' वर टाका, म्हणजे ब्रेक न दाबताही वेग आवरतो. बॅटरी छोटी आहे, एक युनिटसुद्धा मावत नाही तिच्यात, त्यामुळे थोड्याच वेळात भरते आणि पुढे वेग आवरायचं काम इंजिनावर येतं. पुन्हा आवाज. परतवाड्याला पोचेपर्यंत घरच्यांनी दोनदा विचारलं, बिघडली का म्हणून. घाटात मला भावाचीच गाडी आवडते, हे इथे लिहिलेलं त्याला कळू नये.

पैशाचं गणित अलीकडे डिझेलकडे झुकलंय, ते लपवण्यात अर्थ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल कारला जीएसटी १८ टक्के. आमची हायब्रिड चार मीटरच्या वर, तिला ४० टक्के. आधी हेच सेस धरून ३१ आणि ४३ होतं, म्हणजे दरी रुंदावली. मधली रक्कम मायलेजमधून वसूल करू म्हणाल तर गाडी म्हातारी होईल. मी ती रक्कम वडकीचे फेरे न करण्यासाठी दिली असं समजतो. बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यामुळे 'बॅटरी गेली तर?' या पारावरच्या प्रश्नाला निदान तेवढे दिवस उत्तर आहे. पुढचं पुढे.

मग कोणी काय घ्यावं? रोज नागपूर किंवा अमरावती गाठणारा, आठवड्यातून चार दिवस हायवेवर असणारा, डिकीत माल टाकणारा, त्याला डिझेल शोभतं. त्याची गाळणी आपोआप साफ होईल आणि त्याला हा लेख विनोदी वाटेल. पण घर, वावर, तालुका एवढ्यात ज्याचं वर्ष जातं, महिन्या-दोन महिन्यांतून एखादं लग्न नाहीतर दवाखाना, त्याने हायब्रिड एकदा तरी चालवून बघावी. माझं ऐका असं म्हणत नाही.

बघायला जाताना डीएपीची एक भरलेली गोणी सोबत न्या आणि शोरूममध्येच डिकीत घालून बघा. सेल्समनने नाक मुरडलं तर मुरडू द्या. हायब्रिड उघडणारा मेकॅनिक तुमच्या गावापासून किती लांब आहे आणि आठवड्यातून किती दिवस असतो, तेही विचारा. आणि डिझेलच घ्यायचं असेल तर तिथल्या माणसाला एवढंच विचारा, पिवळा दिवा लागला तर आमच्या गावाहून कुठे जायचं?