लिनक्सच्या कर्नलमदी (म्हंजी सिस्टीमच्या गाभ्यात) स्पिनलॉक का म्युटेक्स?
लातूरला उन्हाळ्यात टँकरपुढं दोन तऱ्हेची माणसं, एक घागर घेऊन तिथंच ताटकळणारं अन् दुसरं नंबर लावून घरी झोपणारं, स्पिनलॉक अन् म्युटेक्स ह्या, एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणाऱ्या कुलपांचं तसंच हाय. स्पिनलॉकमदी सीपीयू नुसता गरगरत बसतो, काम चार ओळींचं असलं तर तेच भारी, पण लॉक धरून झोपायचं नाही राव, म्हंजी थांबावं लागंल असलं काम आत करायचं नाही! मी त्याच्या आत जीएफपी कर्नलवालं के-मॅलॉक टाकलं (मेमरी मागणारं फंक्शन, मिळंपर्यंत झोपू शकतं), लॉगमदी धडाधड 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट', अख्खी रात्र गेली. अन् इंटरप्ट हँडलरला (हार्डवेअरनं मधीच हाक मारली की चालणाऱ्या कोडला) तेच लॉक लागत असंल तर त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद करणारं आयआरक्यूसेव्हवालंच घ्या, नाहीतर लॉक धरलेलं असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला की मशीन जागेवर गार. म्युटेक्स निवांत, वाट बघणारा झोपतो, पण इंटरप्टमदी झोपता येत नाही म्हणून तिथं चालतच नाही. झोपता येतंय तिथं मी तर म्युटेक्सच लावतो. लॉकडेप, म्हंजी लॉकं तपासणारं कर्नलचंच साधन, मात्र चालू ठेवा, २००६ पासून लिनक्समदी हाय, उलटसुलट घेतलेली लॉकं हँग व्हायच्या आधीच दाखवतं.