बायपासची शस्त्रक्रिया उत्तम, पुढचा पाठपुरावा तोकडा

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीवर एका खासगी रुग्णालयाच्या बेरिॲट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांच्या) विभागात दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपासची शस्त्रक्रिया झाली. ताईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह होता आणि इन्सुलिनही सुरू होते, त्यामुळे वजन किती उतरले यापेक्षा साखरेचे आणि रक्तदाबाचे काय झाले, या निकषावर मी या सेवेकडे पाहते. त्या निकषावर शस्त्रक्रियेबद्दल माझी तक्रार नाही. पाठपुराव्याबद्दल मात्र आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीचे समुपदेशन फार चांगले झाले. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात, तर बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, हे सर्जननी कागदावर आकृती काढून समजावले. ताईला छातीत जळजळ होण्याचा जुना त्रास होता आणि स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, म्हणून त्यांनी बायपास सुचवला. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचले की जीएलपी-१ सारखी संप्रेरके अधिक स्रवतात, आणि त्यामुळे वजन फारसे उतरण्याआधीच साखर खाली येऊ लागते, हेही त्यांनी सांगितले होते. वॉर्डमध्ये ते प्रत्यक्ष दिसले. औषधाच्या छोट्या कपातून ताई घोट घोट पाणी पीत असताना सिस्टर ठरलेल्या वेळी बोटातून रक्त घेऊन साखर तपासत, आणि आकडे उतरताना दिसताच डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस निम्म्याहून कमी केला. जुनाच डोस चालू राहिला असता तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरली असती, म्हणून ही तत्परता मला सर्वांत मोलाची वाटते.

मधुमेह कायमचा जाईल, असे आश्वासन त्यांनी दिले नाही, आणि ते योग्यच होते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी ७२ टक्के जणांचा मधुमेह दोन वर्षांनी ओसरलेला होता. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. म्हणजे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावेच लागते, आणि नेमकी इथेच या विभागाची सेवा तोकडी पडली.

पुढच्या प्रत्येक भेटीत वजन केले, फाइलमध्ये नोंदवले, अभिनंदन केले आणि आम्हाला मोकळे केले. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, आमच्या आग्रहानंतर लिहून दिली गेली. बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषले जात असल्याने ही दोन्ही, तसेच बी१२ आणि ड जीवनसत्त्व, कायम पूरक स्वरूपात घ्यावी लागतात व रक्तात तपासत राहावी लागतात. ताईला थकवा जाणवू लागला तेव्हा हेल्पलाइनवरून केवळ प्रथिनांच्या पावडरीचा सल्ला मिळाला. लोह कमी झाल्याचे शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या लक्षात आले.

ताईचा रक्तदाब आता एकाच गोळीवर आहे, इन्सुलिन बंद आहे, आणि याचे श्रेय मी त्या शस्त्रक्रियेला मनापासून देते. शस्त्रक्रियेसाठी या विभागाची शिफारस मी करीन, पण तारीख ठरवण्यापूर्वी कोणत्या रक्तचाचण्या किती महिन्यांनी होतील आणि त्यांचे अहवाल कोण पाहील, हे लेखी मागून घ्यावे.