चौदा महिन्यांचा विजेवरचा ब्रूइंग शेड: पैसे हीटरवर घातले, गाठ पडली वाफेशी

घरी बिअर करायला मी विजेवर चालणारा शेड बांधला. त्यातल्या हीटरच्या तक्रारीवर परवा विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं. 'हीटर कोरडा तापवल्यामुळे खराब झाला आहे, वॉरंटीत बसत नाही.' तीन महिने चाललेला पत्रव्यवहार या एका ओळीत संपला. तो हीटर आजही माझ्या केटलमध्ये बसलेला आहे आणि उत्तम चालतो. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), मॅश (ते गरम पाण्यात भिजवत ठेवणं), हॉप्स (कडवटपणासाठीची फुलं) यांची याहून जास्त ओळख करून देत नाही. ज्यांना शेड बांधायचा आहे त्यांना ती असणारच. घरी बिअर करायला तुमच्याकडे कायद्याने परवानगी आहे का, तेवढं मात्र आधी बघून घ्या.

माझा शेड आतून ३ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच आहे. ५० लिटरची स्टीलची केटल, तिच्यात ५५०० वॉटचा हीटर, मॅशसाठी वेगळं भांडं, एक चुंबकी पंप, तापमान राखणारा पीआयडी कंट्रोलर, त्याच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा एसएसआर, आणि फर्मेंटरसाठी, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यासाठी, थर्मोस्टॅट लावलेला जुना फ्रिज. एका घाण्याला २३ लिटर बिअर. चौदा महिन्यांत सव्वीस घाणे काढले. बंद जागेत गॅसची शेगडी पेटवायची नव्हती, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. विजेचा निर्णय त्यासाठीच घेतला आणि त्याबद्दल आजही तसूभर शंका नाही.

हीटरच्या वेगावर मी पहिल्या दिवसापासून खूश आहे. ५५०० वॉट हा आकडा २४० व्होल्टचा. माझ्याकडे २३० मिळतात, म्हणजे प्रत्यक्षात ५०५० वॉट आणि २२ अँपिअर. मॅशनंतरचा ३२ लिटर वर्ट, म्हणजे धान्यातून निघालेलं गोड पाणी, ६७ अंशांवरून उकळीला यायला सोळा-सतरा मिनिटं लागतात. हीटर लांब आणि दुमडलेला घेतला. तेवढीच ताकद जास्त पृष्ठभागावर पसरते, त्यामुळे वर्ट करपत नाही. सव्वीस घाण्यांत एकदाही जळका वास आला नाही.

मग बिघडलं कुठे? दहाव्या महिन्यात. मध्ये दीड महिना काहीच केलं नव्हतं. एका रविवारी पाणी तापत ठेवलं आणि दीड मिनिटात आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. हीटरची वायर सोडली की ठीक, जोडली की पडणार. ३० मिलिअँपिअर गळतीला तो पडतो, म्हणजे वीज कुठून तरी केटलच्या अंगात उतरत होती. एरवी आरसीसीबी पडला की माणूस वैतागतो. मी त्या दिवशी त्याचे आभार मानले, कारण माझा हात केटलच्या काठावर होता.

टर्मिनलची डबी उघडली. आत वायरच्या टोकाच्या तांब्याच्या जोडावर (लगवर) हिरवट थर चढला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या थेंबाने खाली येताना काढलेली पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. केटलमधून गळती नव्हती. गॅस्केट कोरडं ठणठणीत होतं. पाणी बाहेरून आलं होतं, हवेतून.

ओळखीच्या वायरमनने मेगर, म्हणजे वीज किती अडते ते मोजणारं यंत्र, आणला. ५०० व्होल्टवर मोजलं तर ०.२ मेगओहम. नवीन बसवताना त्यानेच मोजलं होतं, तेव्हा १०० च्या वर होतं. मी नवीन हीटर मागवायला निघालो होतो, त्याने थांबवलं. हीटरच्या नळीत तापणारी तार आणि बाहेरचं स्टील यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ती उष्णता वाहून नेते आणि वीज अडवते, पण तिला ओल ओढून घ्यायची सवय असते. टोकांकडच्या सीलमधून दमट हवा आत शिरली आणि हीटर बरेच दिवस थंड पडून राहिला, की पूड ओलावते आणि वीज अडवायचं तिचं काम ढिलं पडतं. हीटर काढला, रबरी गॅस्केट आणि वायर बाजूला केल्या, ओव्हनमध्ये १२० अंशांवर पाच तास ठेवला. थंड झाल्यावर मोजलं, तर ६० मेगओहम!

विक्रेत्याला मेगरचे आकडे, फोटो, सगळं पाठवलं होतं. कोरडा तापलेला हीटर काळानिळा पडतो, फुगतो, कधी नळीला तडा जातो. माझ्या हीटरवर यातलं काही नाही. मी नवीन नगही मागत नव्हतो. टर्मिनलच्या डबीला निदान ओल न शिरणारं झाकण द्या, एवढंच म्हणत होतो. ते फोटो कुणी उघडून पाहिले असतील असं मला वाटत नाही. आपण काळजीने वापरलेल्या वस्तूवर असा ठपका आला की फार लागतं.

पण ओल आली कुठून, हा प्रश्न विक्रेत्याचा नाही, माझा होता. इथून पुढे मी जवळजवळ फक्त वाफेबद्दल लिहिणार आहे. शेड बांधताना मी तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं आणि तिनेच माझे सगळ्यांत जास्त पैसे खाल्ले.

हिशेब साधा आहे. ६० टक्के ताकदीवर तासभर उकळलं की माझ्या केटलमधून ४ लिटर पाणी उडतं. एका लिटर पाण्याची उकळत्या तापमानाला सुमारे १६७० लिटर वाफ होते. चार लिटरची झाली ६.७ घनमीटर. माझा सगळा शेड १६ घनमीटरचा. म्हणजे प्रत्येक घाण्याला मी खोलीच्या दोन-पंचमांश भागाइतकी वाफ सोडत होतो आणि खिडकी उघडी आहे या भरवशावर बसलो होतो. पत्र्याचं छप्पर थंड, वाफ त्याला भिडली की थेंब. चौथ्या महिन्यात प्लायवूडच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके दिसले, सहाव्यात दाराची चौकट फुगली.

सहाव्या महिन्यात हा अनुभव एकदा लिहायला घेतला होता. त्या कच्च्या मजकुरात माझं ठाम मत होतं की केटलवर वाफ ओढून घेणारं धुराडं आणि १५० मिलिमीटरचा पंखा लावला की प्रश्न मिटतो. ते मत चुकीचं होतं, आता मागे घेतो. धुराडं लावल्यावर वाफ कमी झाली, पण गेली नाही. आठव्या महिन्यात २०० मिलिमीटरचा मोठा पंखा आणला. पहिला जेमतेम तीन महिने वापरलेला होता, त्यामुळे दुसऱ्याचे पैसे देताना जिवावर आलं. आणि मोठ्या पंख्याने फरक काय पडला? आवाज वाढला. बाकी जवळजवळ काही नाही.

कारण कळलं ते टिश्यू पेपरच्या एका पट्टीमुळे. धुराड्याच्या काठाला पट्टी चिकटवली आणि पंखा पूर्ण वेगाने लावला. दार-खिडकी बंद असताना पट्टी सरळ खाली लोंबत राहिली. दार दोन बोटं किलकिलं केलं आणि पट्टी सर्रकन आत ओढली गेली. खोलीत हवा येणारच नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? खिडकी उघडली तर उलटं होत होतं. ती केटलच्या शेजारीच आहे, वाऱ्याची झुळूक वाफेला धुराड्याखालून बाजूला ढकलायची. शेवटी समोरच्या दाराच्या खालच्या भागात २० बाय १६ सेंटिमीटरची जाळी बसवली. क्षेत्रफळ पंख्याच्या तोंडाइतकंच. आता हवा खालून येते, खोलीभर फिरते आणि धुराड्यातून वर जाते. माझी पक्की खात्री आहे की या जाळीसोबत पहिला छोटा पंखाही पुरला असता.

धुराड्याची दुसरी खोड मला अजून सलते. त्याच्या थंड स्टीलवर थेंब जमतात, काठाशी येतात, फुगतात आणि टपकन केटलमध्ये पडतात. एकदा तपकिरी थेंब पडताना पाहिला आणि तो घाणा पिताना प्रत्येक घोटाला तो थेंब आठवत राहिला. प्रश्न मनाचाच नाही. उकळताना माल्टमधून तयार होणारं डायमिथिल सल्फाइड वाफेबरोबर निघून जायला हवं, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. वाफेचं पाणी परत आत पडणं म्हणजे जे घालवायचं तेच परत घेणं. धुराड्याच्या काठाला आतून चारही बाजूंनी बोटभर रुंदीची पन्हळ बसवून घेतली, एका कोपऱ्यातून नळी खाली बाटलीत सोडली. पहिल्याच घाण्याला बाटलीत पाऊण कप पाणी जमलं. धुराडी विकणारे ही पन्हळ मुळातच का देत नाहीत?

आणि मग अकराव्या महिन्यात स्टीम कंडेन्सर घेतला. हे उपकरण मी दहा महिने नाकारत होतो. झाकण लावून उकळायचं, झाकणाच्या बाजूने निघालेल्या नळीत बारीक फवारा सोडायचा, वाफ तिथेच थंड होऊन पाण्यासकट बादलीत पडणार. मला दोन शंका होत्या. झाकण लावलं तर तो मक्याचा वास राहील, आणि फवाऱ्याचं पाणी वाया जाईल. पहिली चुकीची निघाली. वाफेला नळीतून बाहेर जायची वाट असते, वास तिच्याबरोबर जातो. फिकट पिल्सनर माल्टचे तीन घाणे मुद्दाम नव्वद मिनिटं उकळून काढले, एकातही वास नाही. दुसरी शंका अर्धी खरी आहे. तासाला साधारण २३ लिटर पाणी लागतं. पण ते बादलीत ७० अंशांच्या आसपास तापून पडतं आणि मॅशचं भांडं धुवायला मी एरवी तेवढंच पाणी वेगळं तापवत होतो.

मला खरा आनंद झाला तो कंट्रोलरवरचा आकडा बघून. झाकण असल्यामुळे उकळी ३३ टक्क्यांवर टिकते, पूर्वी ६० लागायचे. पाणी उडतं ते दोन लिटर. वीज जवळजवळ निम्मी, आणि खोलीत वाफ नाहीच म्हटलं तरी चालेल. मोठा पंखा आता धुलाईच्या वेळीच लागतो. हे उपकरण पहिल्याच दिवशी घेतलं असतं तर दोन पंखे, धुराडं आणि चौकटीची दुरुस्ती, सगळं वाचलं असतं. फक्त झाकण लावल्यावर वर्ट उतू जायची भीती जास्त असते. उकळी फुटतानाची पहिली पाच मिनिटं केटलजवळून हलू नका.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. पीआयडी कंट्रोलर चोख; मॅश ६७ अंशांवर तासभर अर्ध्या अंशाच्या आत राहतो. एसएसआर मात्र बिघडला की बरेचदा 'चालू' अवस्थेतच अडकतो, म्हणून त्याच्या आधी कॉन्टॅक्टर (हीटरची वीज पूर्ण तोडणारा मोठा स्विच) आणि हाताशी लाल बटण हवंच. २२ अँपिअरला एसएसआर स्वतः पंचवीस-तीस वॉट उष्णता टाकतो. त्याचा हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा ठोकळा) कंट्रोलरच्या डबीच्या बाहेर काढा. टर्मिनलचे स्क्रू दर पाचेक घाण्यांनी वीज बंद करून आवळा, गरम-थंड होऊन ते ढिले पडतात आणि ढिला जोड जळतो. पंप चांगला आहे, पण उकळत्या वर्टला हवा धरतो. तो केटलच्या तोटीपेक्षा खाली बसवल्यावर ती तक्रार संपली.

फर्मेंटर त्याच शेडमध्ये ठेवत असाल तर खालच्या जाळीचा दुसरा उपयोगही लक्षात घ्या. पाच टक्के अल्कोहोलची २३ लिटर बिअर आंबताना साडेचारशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. तो हवेपेक्षा जड असतो. माझ्या खोलीत तो सगळा कोंडला तर हवेच्या जवळजवळ तीन टक्के होईल, आणि आठ तास काम करण्याच्या जागेसाठी प्रचलित मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे. तो आठवडाभरात थोडाथोडा निघतो हे खरं, तरी रात्रभर बंद असलेल्या शेडचं दार उघडून मी आधी पाच मिनिटं पंखा लावतो.

टर्मिनलच्या डबीला आता सिलिकॉनची चकती आणि खालच्या बाजूला एक बारीक भोक आहे, ओल साचलीच तर निथळून जावी म्हणून. दर महिन्याला मेगर लावतो. आज सकाळी ८५ मेगओहम दाखवले. छपराच्या पत्र्यावरून तळहात फिरवला, हात कोरडा राहिला. चौकटीचा फुगलेला भाग तासून घेतला आहे, दार आता खांदा न लावता बंद होतं. सत्ताविसाव्या घाण्याचं पाणी तापतंय.