ट्रेलरच्या टायरला हवेचे सेन्सर: घ्यावेत, पण भरवसा किती ठेवायचा?

कारचा टायर बसला की स्टिअरिंग ओढायला लागतं. मागे जोडलेल्या, राहायची सोय असलेल्या ट्रेलरचा टायर बसला तर पुढच्यांना पत्ताही लागत नाही. दोन एक्सल असतील तर शेजारचं चाक मुकाट्याने सगळा भार उचलतं आणि ट्रेलर सरळच धावतो. इकडे हवा कमी झालेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते, आतले तारांचे पट्टे सुटतात आणि धडाम! सुटलेली पट्टी वरच्या पत्र्यावर आपटते आणि तिथल्या वायरी, कधी गॅसची नळीसुद्धा तोडते. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या हलक्या गाड्यांना हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे, ट्रेलरला नाही. म्हणून सेन्सरचा हा संच वेगळा घ्यावा लागला.

आमच्यात स्टिअरिंग नवऱ्याकडे, टायर माझ्याकडे. संचात चार सेन्सर, डॅशबोर्डवर ठेवायचा स्क्रीन आणि सिग्नल वाढवणारी एक डबी. व्हॉल्व्हचं टोपण काढून त्या जागी सेन्सर फिरवला की झालं. सेन्सर न काढता हवा भरता येईल असाही प्रकार मिळतो, पण तो जड असतो. रबरी व्हॉल्व्हवर तो लटकवला तर फिरताना व्हॉल्व्हच्या मुळावर ताण येतो आणि तिथूनच हवा जाऊ शकते. त्यासाठी आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावे लागतात. आम्ही हलके घेतले. हवा भरायची तर दरवेळी काढा, पुन्हा लावा. वैताग आहे, पण चालतं.

आता पैसे कुठे वसूल झाले ते सांगते. आमच्या टायरवर कमाल ६५ पीएसआय लिहिलंय, तेवढी हवा मी निघण्याआधी, टायर गार असताना भरते. धावल्यावर आकडा चढतो, उन्हाच्या बाजूचे दोन तर जास्तच चढतात. ते चढू द्यायचे, हवा काढायची नाही. त्या दिवशी तीन आकडे सत्तरीच्या वर आणि उजवा मागचा ६४. बघता बघता ६१. अलार्म वाजायच्या आधीच मी म्हटलं, "अहो, बाजूला घ्या." उतरून बघितलं तर टायर अगदी धडधाकट दिसत होता. थुंकी लावलेलं बोट फिरवत गेले तेव्हा खाचेत स्क्रूचं डोकं सापडलं, त्याच्याभोवती बारीक बुडबुडे. स्टेपनी लावली आणि पुढे निघालो. नुसत्या नजरेने हे कळलंच नसतं.

पण या यंत्राला कळते ती फक्त हवा. टायर आतून सुटत चाललाय का, हे त्याला दिसत नाही. पट्टी निघेपर्यंत आकडा ठणठणीत असू शकतो. तापमानही दाखवतं, पण सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकावर, बाहेरच्या वाऱ्यात. आतला टायर त्याहून तापलेला असतो, म्हणून त्या आकड्याकडे मी फक्त चारही चाकांची तुलना करायला बघते. वजनाचंही तेच. पाण्याची टाकी भरून, सामान कोंबून ट्रेलर एकदा वजनकाट्यावर न्या, शक्य असेल तर प्रत्येक चाक वेगळं तोला. एक बाजू जड निघणं नेहमीचंच. आणि टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली तरी पाच-सहा वर्षं झाली की मी टायर बदलते. ट्रेलर उभा राहूनच म्हातारा होतो.

तक्रारी दोन. भर उन्हात स्क्रीन जवळजवळ वाचता येत नाही, आणि कारखान्यातून आलेली अलार्मची पातळी फार खाली होती. ती मी वाढवून गार हवेच्या आकड्यापेक्षा दहा टक्केच खाली ठेवली. सिग्नलची डबी लांब ट्रेलरला लागतेच. काही संचांत ती वेगळी विकतात, तेवढं घेण्याआधी विचारा.