टेली मानस १४४१६ : मैत्रिणीसाठी फोन केला तर चालतो का? आमचा अनुभव

सरळ मुद्द्यावर येते. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे आणि हो, मैत्रिणीसाठी तिथे फोन केला तर चालतो. फोन करणाऱ्यालाच त्रास असला पाहिजे असं काही नाही, मैत्रिणीसाठी, भावंडासाठी, शेजारच्या मुलासाठी कोणासाठीही लावता येतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ‘मला काय झालंय, मी कशाला फोन करू’ म्हणून गप्प बसतात, म्हणून हे लिहितेय.

झालं असं की माझी मावसबहीण अकरावी सायन्सला आहे, तिची क्लासमधली मैत्रीण हळूहळू बदलायला लागली होती. बदलली म्हणजे कोपऱ्यात बसून रडतेय वगैरे अजिबात नाही. उलट कोणी काही बोललं की खेकसायची, कबड्डी सोडली, डबा तसाच घरी न्यायची, रात्री तीनला ऑनलाइन आणि सकाळी बेंचवर डोकं टाकून झोपलेली. ह्या वयात डिप्रेशन उदासीऐवजी चिडचिडीतूनही बाहेर येतं, त्यामुळे घरचे ‘शेफारलीये’ म्हणतात आणि सर ‘लक्ष नाही अभ्यासात’ म्हणतात. एक-दोन दिवस मूड जाणं वेगळं, हे दोन आठवड्यांच्या वर रोज चाललं असेल तर मनावर घ्यायला हवं. त्यात ऑक्टोबर हीटमध्ये सगळे घामाने निथळतायत आणि ही पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून. एकदा हात धुताना बाही वर गेली आणि माझ्या बहिणीला तिच्या हातावरच्या जखमा दिसल्या, स्वतःच केलेल्या. मैत्रिणीने तिथल्या तिथे शपथ घातली, कोणाला सांगितलंस तर मी तुझ्याशी कायमचं बोलणार नाही. आता सोळा वर्षांच्या पोरीने काय करावं सांगा. जेवण जाईना हिचं, मग एकदा रात्री मला सगळं सांगितलं.

आधी एक प्रायव्हेट काउन्सेलिंगचं अ‍ॅप बघितलं, नाव घेत नाही. चॅटवर पहिल्यांदा गोड गोड बोलणं आणि जरा मुद्द्याला हात घातला की ‘प्रीमियम पॅकेज घ्या’. डिलीट केलं.

मग १४४१६. ही केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला सुरू झाली, बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्यातली मोठी सरकारी संस्था त्याचं मुख्य केंद्र आहे. चोवीस तास चालू, पैसे नाहीत, वीस भाषा आहेत त्यात मराठी आहे. फोन लावला की रेकॉर्डेड आवाज भाषा विचारतो, मराठी निवडायची, मग माणूस बोलतं. आम्ही गच्चीवर जाऊन स्पीकर लावून बसलो, कारण घरात मावशी आणि टीव्ही दोघं फुल आवाजात.

ताई शांतपणे बोलत होत्या. पहिला प्रश्न, ती मुलगी आत्ता कुठे आहे आणि तिच्यासोबत घरात कोण आहे. मैत्रिणीचं नाव आम्ही सांगितलं नाही, त्यावरून काही अडलं नाही. मग विचारलं, मरण्याबद्दल कधी काही बोललीये का, ‘मी नसले तर बरं’ असं, स्वतःच्या आवडत्या वस्तू वाटून टाकतेय का. बहीण म्हणाली, असं मी कसं विचारू, नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल ना. तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी स्पष्ट विचारलं म्हणून बोलायला वाट मिळते. स्वतःला इजा करणारी सगळीच मुलं मरायला निघालेली नसतात, पुष्कळदा आतलं सहन होईना म्हणून ते चाललेलं असतं, पण धोका वाढतो हे खरं, त्यामुळे ‘नाटकं आहेत’ म्हणून सोडायचं नाही. (आमच्या ओळखीतल्या एका शिक्षिकेचं मत होतं की हल्ली मुली अटेन्शनसाठी करतात. बाई, अटेन्शन हवं असतं तर जॅकेट कशाला घातलं असतं?)

आणि मग त्यांनी चक्क प्रॅक्टिस करून घेतली! म्हणजे मैत्रिणीला काय म्हणायचं ते बहिणीकडून बोलून घेतलं. हिचं पहिलं वाक्य होतं, ‘तू माझ्यासाठी हे बंद कर, शपथ घे’. ते काढायला लावलं, शपथेने बंद होत नाही आणि परत झालं की मग ती तुझ्यापासूनही लपवेल. जखमा दाखव म्हणू नको, का केलंस म्हणून उलटतपासणी नको, ‘तुला काय कमी आहे’ तर अजिबातच नको. शेवटी जे ठरलं ते हिने केमिस्ट्रीच्या जर्नलच्या मागच्या पानावर लिहून घेतलं : ‘मला तुझी काळजी वाटते. हे माझ्या एकटीच्याने पेलत नाहीये. आपण एका मोठ्या माणसाला सांगू, कोणाला ते तू ठरव, मी सोबत येते.’ ते ‘कोणाला ते तू ठरव’ मला फार आवडलं, शपथ मोडायचीये पण तिच्या पाठीमागे नाही. आणि ती नाहीच म्हणाली तरी मोठ्या माणसाला सांगायचंच, रुसली तर रुसू दे.

मैत्रिणीने दोन दिवस तोंड फिरवलं आणि मग मामीचं नाव घेतलं. आई नाही, मामी. मामीने आरडाओरडा केला नाही, आई-वडिलांशी तीच बोलली आणि सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेली. १८ च्या आतल्या मुलांच्या उपचाराला पालकांची संमती लागतेच, त्यामुळे आज ना उद्या घरी कळणार हे मुलांनी धरूनच चालावं. वडिलांना भीती पोलीस केसची. तशी ती भीती जुन्या कायद्यामुळे लोकांच्या मनात बसलीये, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलंय आणि नव्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं ते जुनं ३०९ कलम नाहीच. इथे तर साधं ओपीडीत दाखवायचं होतं, केस कसली? खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. रांग आहे, सकाळी लवकर जा. सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तेही विचारून बघा.

आता कमी काय ते. फोनवरच सगळे उपचार होत नाहीत, तिथे ऐकून घेतात, पुढची वाट दाखवतात, रोज तीच ताई भेटेल ही अपेक्षा ठेवू नका. दोन खोल्यांच्या घरात मुलीने मोठ्याने बोलायचं कुठे हाही प्रश्न आहेच. बोलण्यापेक्षा लिहिणं जमत असेल तर मुंबईच्या टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आयकॉल ही समुपदेशन सेवा आहे, तिथे ईमेलने लिहिता येतं. आणि घरातच मारहाण, छळ असा प्रकार असेल तर मामी-मावशी शोधत न बसता १०९८, ती खास मुलांचीच हेल्पलाइन आहे.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. मैत्रीण अजून गोळ्या आणि काउन्सेलिंग दोन्हीवर आहे, मधे एकदा परत घसरली होती, तेव्हा मात्र मामीला तिने स्वतःच सांगितलं. बहिणीलाही मधे रडू फुटायचं, तेव्हा तिने स्वतःसाठी म्हणून परत १४४१६ लावला, ‘मैत्रीण बरी आहे मग आता तू कशाला’ असं कोणी म्हटलं नाही.

१४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हा त्यांचाच दुसरा नंबर आहे. पण कोणी आत्ताच्या आत्ता जिवाचं बरंवाईट करेल असं वाटत असेल तर त्याला एकटं सोडू नका, हाताशी मोठं माणूस बोलवा आणि थेट ११२ किंवा १०८ लावा.